देहातील पोथी आणि तिचे पाठभेद

इतिहासाची साधने कोणती, असा प्रश्न केल्यास आपल्यापैकी बहुतेक जण ताम्रपट, शिलालेख, सनदा, बखरी आणि जुन्या दप्तरांतील मोडी कागद यांची नावे घेतील. देवस्थानांशी ज्यांचा पिढ्यान्‌पिढ्या संबंध आहे ते त्यांत महाजनांच्या नोंदी, उत्सवाच्या मानकऱ्यांच्या याद्या आणि कुळांच्या वंशावळी यांची भर घालतील. ही सारी साधने मनुष्याने लिहिलेली आहेत. आणि मनुष्य लिहितो तेव्हा कोणासाठी तरी व कशासाठी तरी लिहितो. न्यायालयात कागदपत्रे हाताळणाऱ्यास हे निराळे सांगावयास नको. परंतु गेल्या पाऊणशे वर्षांत इतिहासाचे एक असे साधन हाती आले आहे की, जे कोणी हेतुपुरस्सर लिहिलेले नाही आणि तरीही प्रत्येक मनुष्य ते जन्मापासून अंगावर वागवीत असतो. ते साधन म्हणजे आपल्या पेशींतील डीएनए होय. ही पोथी कशी वाचतात, तिच्या वाचनाचा इतिहास काय, आपल्या कोकणपट्टीविषयी व घाटमाथ्याविषयी ती काय सांगते, आणि साक्षीदार या नात्याने तिच्यावर कितपत भिस्त ठेवावी, याचा विचार आम्ही येथे करू इच्छितो.

प्रथम पोथीचे स्वरूप पाहू. शरीराच्या बहुतेक प्रत्येक पेशीच्या केंद्रकात गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या असतात. प्रत्येक जोडीतील एक गुणसूत्र मातेकडून व एक पित्याकडून आलेले असते. गुणसूत्र म्हणजे डीएनएचा अतिशय लांब धागा. या धाग्यावर चारच प्रकारचे रेणू एकापुढे एक ओवलेले असतात: अॅडेनाइन, थायमिन, ग्वानिन आणि सायटोसिन. त्यांनाच संक्षेपाने ए, टी, जी, सी अशी चार अक्षरे म्हणतात. एका संचात अशी सुमारे ३१० कोटी अक्षरे असतात. या आकड्याची कल्पना यावी म्हणून एक हिशेब मांडतो. महाभारताचे एक लक्ष श्लोक धरले आणि अनुष्टुभाची ३२ अक्षरे धरली तर भारताची अक्षरे ३२ लक्ष होतात. म्हणजे मातेकडून आलेल्या एका संचातच जवळजवळ एक हजार महाभारते भरतील. पित्याकडून आलेली हजार निराळी. आणि ही सगळी ग्रंथसंपदा डोळ्यांस न दिसणाऱ्या एका पेशीत सामावलेली असते.

या लिपीचा उलगडा एका दिवसात झाला नाही. १९५३ साली वॉटसन व क्रिक यांनी केंब्रिज येथे डीएनएची दुपदरी गोफासारखी रचना मांडली. तिला रोझालिंड फ्रँकलिन यांच्या क्ष-किरणचित्रांचा आधार होता. ए समोर नेहमी टी आणि जी समोर नेहमी सी, अशी अक्षरांची जोडी ठरलेली असल्यामुळे एक पदर हाती आला की दुसरा आपोआप कळतो. पुढे तीन-तीन अक्षरांचा एक शब्द आणि त्या शब्दाने एक अमिनो आम्ल सुचविले जाते, हा संकेत उलगडला. या कार्यासाठी १९६८ चे नोबेल पारितोषिक ज्या तिघांस मिळाले त्यांत मुलतान जिल्ह्यातील रायपूर या खेड्यात जन्मलेले हरगोविंद खुराना होते. तथापि शब्दांचा अर्थ कळणे निराळे आणि समोरची पोथी अक्षरशः वाचता येणे निराळे. ती वाचण्याची व्यवहार्य रीत फ्रेडरिक सँगर यांनी १९७७ मध्ये दिली. डीएनएची नक्कल करणाऱ्या विकरास मधूनमधून अशी सदोष अक्षरे पुरवावयाची की ते अक्षर बसले की नक्कल तेथेच थांबावी. मग निरनिराळ्या लांबीच्या त्या नकला विजेच्या प्रवाहाने लांबीप्रमाणे लावावयाच्या आणि कोणती नक्कल कोणत्या अक्षरावर थांबली हे पाहून ओळ वाचावयाची. त्याच सुमारास सँगर यांनी एका विषाणूची सुमारे ५,४०० अक्षरे वाचून दाखविली. मनुष्याच्या ३१० कोटी अक्षरांपुढे हे म्हणजे उंबरठ्यावरील रांगोळीचा एक ठिपका होय. पण वाट सापडली होती.

त्या वाटेने जाऊन १९९० मध्ये मानवी जीनोमचा आंतरराष्ट्रीय प्रकल्प सुरू झाला. अमेरिका, इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी, जपान व चीन हे त्यात होते, भारत नव्हता. २००१ च्या फेब्रुवारीत कच्चा मसुदा प्रसिद्ध झाला आणि २००३ च्या एप्रिलमध्ये काम पुरे झाल्याचे जाहीर झाले. १९९१ च्या किमतीने या कामी सुमारे २७० कोटी डॉलर खर्च झाले. एवढे होऊनही शेकडा आठ भाग अवाचितच राहिला होता, कारण त्यात तीच ती अक्षरे पुन्हःपुन्हा येतात आणि कोणता तुकडा कोठला हे कळेनासे होते. तो भाग २०२२ मध्ये नव्या यंत्रांनी भरून निघाला.

येथे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे स्मरण होणे साहजिक आहे. महाभारताच्या संशोधित आवृत्तीचे काम १९१९ मध्ये सुरू होऊन १९६६ मध्ये समाप्त झाले. डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर हे १९२५ पासून तिचे प्रमुख संपादक होते. काश्मीरपासून मलबारपर्यंतच्या बाराशेंहून अधिक पोथ्या ताडून पाहून, प्रत्येक श्लोकाचे पाठभेद तळटीपांत नोंदवून ती सिद्ध झाली. जीनोमवाचनाची पद्धती हिच्याशी फार जुळती आहे. मात्र एक भेद ध्यानी ठेवला पाहिजे. भारताच्या संपादकांस उपलब्ध पोथ्यांमागचा जुन्यात जुना पाठ शोधावयाचा होता. मानवी जीनोमचा जो आधारपाठ आज जगभर वापरला जातो, त्याचा तसा दावा नाही. तो काही थोड्या व्यक्तींच्या डीएनएवरून सांधलेला आहे आणि त्याचा फार मोठा भाग अमेरिकेतील एकाच अनामिक पुरुषाचा आहे. तो मूळ पाठही नव्हे आणि शुद्ध पाठही नव्हे. तुलनेसाठी चौरंगावर ठेवलेली ती एक पोथी एवढेच.

आता प्रत्यक्ष वाचन कसे चालते ते सांगतो. दंडातून थोडे रक्त काढतात. रक्तातील तांबड्या पेशींस केंद्रक नसते, म्हणून पांढऱ्या पेशी फोडून त्यांतील डीएनए निराळे करतात. हा लांब धागा सरळ वाचता येत नाही. म्हणून त्याचे काही शे अक्षरांचे तुकडे करतात. एका पेशीतील नव्हे, तर असंख्य पेशींतील पोथ्यांचे हे तुकडे असल्यामुळे ते निरनिराळ्या ठिकाणी तुटतात व एकमेकांवर पडतात. हेच पुढे उपयोगी येते. प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांस ओळखीची ठराविक अक्षरमाला जोडून ते तुकडे काचेच्या एका पट्टीवर रुजवितात, आणि प्रत्येकाच्या तेथल्या तेथे अनेक नकला करून त्याचा एक ठिपका बनवितात. मग चार अक्षरे चार रंगांच्या खुणा लावून सोडतात. प्रत्येक तुकड्यावर एका वेळी एकच अक्षर बसते. ते बसले की पट्टीचे छायाचित्र घेतात, खूण पुसतात आणि पुढचे अक्षर सोडतात. असे सुमारे दीडशे वेळा केले की प्रत्येक ठिपक्याच्या रंगांच्या क्रमावरून दीडशे अक्षरांची एक ओळ मिळते. ही रीत केंब्रिजमध्ये डेव्हिड क्लेनरमन आणि मद्रासेत जन्मलेले शंकर बालसुब्रह्मण्यम् यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस कल्पिली. आज प्रचारात असलेली बहुतेक यंत्रे तिच्यावरच चालतात. सूक्ष्म छिद्रातून अखंड धागा ओढून हजारो अक्षरे सलग वाचणारी नवी यंत्रेही आता आली आहेत.

प्रत्येक अक्षर एकदाच वाचून भागत नाही. यंत्र हजारात एखादे अक्षर चुकते, आणि ३१० कोटींत हजारास एक म्हणजे एकतीस लक्ष चुका. म्हणून प्रत्येक जागा सरासरी तीस वेळा वाचली जाईल एवढे तुकडे वाचतात. तीस पट म्हणजे ९,३०० कोटी अक्षरे, अर्थात दीडशे-दीडशे अक्षरांचे ६२ कोटी तुकडे. संगणक यांतील प्रत्येक तुकडा आधारपाठाशी ताडून त्याची जागा ठरवितो. एखाद्या जागी आधारपाठात ए असून तीसांपैकी तीसही तुकड्यांत जी आढळला तर त्या व्यक्तीस मातापित्या दोघांकडून जी आला. निम्म्यांत ए व निम्म्यांत जी आढळला तर एकाकडून एक व दुसऱ्याकडून दुसरा. आणि तीसांत एकाच तुकड्यात जी दिसला तर तो बहुधा यंत्राचा लेखकप्रमाद. साक्षीपुराव्याच्या कायद्यात ज्यांची हयात जाते त्यांस ही रीत परकी वाटणार नाही. एका साक्षीदारावर न विसंबता तीस साक्षीदार तपासावयाचे आणि विसंगती कोठे आहे ते पाहावयाचे, असाच हा प्रकार आहे.

अशा वाचनातून कोणत्याही एका मनुष्याच्या पोथीत आधारपाठाहून निराळे असे चाळीस ते पन्नास लक्ष पाठभेद निघतात. यांतील बहुतेक निरुपद्रवी असतात; कित्येक जगभर सर्वत्र आढळतात. पण एका अक्षराचे सामर्थ्य किती, याचे उदाहरण आमच्या मुंबईनेच जगास दिले आहे. १९५२ मध्ये डॉ. य. म. भेंडे व त्यांचे सहकारी यांनी अशा काही व्यक्तींचे रक्त वर्णिले की जे नेहमीच्या तपासणीत ओ गटाचे वाटे, परंतु त्यांस ओ गटाचे रक्त चालत नसे. यास ‘बॉम्बे रक्तगट’ हे नाव मिळाले. भारतात सुमारे दहा हजारांत एकाचे रक्त या गटाचे असते आणि त्यास त्याच गटाचे रक्त लागते. हे असे का होते, ते चाळीस वर्षांनी अक्षरे वाचता आल्यावर कळले. एकोणिसाव्या गुणसूत्रावरील एका जनुकात ७२५ व्या जागी टी ऐवजी जी असल्यामुळे ते जनुक आपले काम करीत नाही, असे भारतीय कुटुंबांत आढळून आले. एवढा एक पाठभेद दोन्हीकडून आला म्हणजे रक्तपेढीतील साध्या ओ गटाची बाटली त्या रुग्णाच्या जिवावर बेतू शकते.

अक्षरे वाचता येण्यापूर्वीही महाराष्ट्रात हा विषय गंभीरपणे हाताळला गेला होता, हे विसरता कामा नये. डेक्कन कॉलेजातील डॉ. इरावती कर्वे यांनी शरीरमापने व रक्तगट यांच्या साहाय्याने महाराष्ट्रातील जातींचा अभ्यास केला. १९६८ मध्ये त्यांनी व कै. मल्होत्रा यांनी समान दर्जाच्या आठ ब्राह्मण पोटजातींची जैविक तुलना प्रसिद्ध केली. एका नावाखाली वावरणारे गट एकाच मूळ गटाच्या फाटाफुटीतून झालेले नसून पुष्कळदा स्वतंत्र गट शेजारी येऊन एका नावाखाली उभे राहिले आहेत, अशी कर्वे यांची उपपत्ती होती. हातातील साधने मोजपट्टी व चिमट्यांची होती. प्रश्न मात्र आजचाच होता.

भारतीय पोथ्यांचे वाचन पुढे वेगाने वाढले. २००९ मध्ये हैदराबादच्या पेशी व रेणुजीवशास्त्र केंद्रातील लालजी सिंग व कुमारस्वामी तंगराज यांनी अमेरिकन शास्त्रज्ञांसह एक निबंध प्रसिद्ध केला. बहुतेक भारतीय हे दोन प्राचीन जनप्रवाहांच्या निरनिराळ्या प्रमाणांतील मिश्रणातून झाले आहेत, असे त्यात दाखविले होते. त्याच वर्षाच्या डिसेंबरात दिल्लीच्या जीनोमिकी संस्थेने एका भारतीय पुरुषाचा संपूर्ण जीनोम वाचल्याचे जाहीर केले. २०१९ मध्ये त्याच संस्थेने एक हजाराहून अधिक भारतीयांचे जीनोम वाचून पुरे केले. त्याच वर्षी डेक्कन कॉलेजच्या डॉ. वसंत शिंदे यांनी व सहकाऱ्यांनी राखीगढी येथील हडप्पाकालीन दफनातील एका स्त्रीचा जीनोम प्रसिद्ध केला. साठाहून अधिक नमुन्यांपैकी या एकाच नमुन्यातून वाचण्याजोगे डीएनए निघाले. २०२० मध्ये केंद्र सरकारने ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पास मान्यता दिली. वीस संस्थांनी मिळून दहा हजार भारतीयांचे जीनोम वाचले आणि ९ जानेवारी २०२५ रोजी ते संशोधकांस खुले झाले. ज्या प्रकल्पाच्या पंक्तीस १९९० मध्ये आपण नव्हतो, त्याच पाककृतीचे आता घरी रांधणे झाले.

ही चर्चा आम्ही प्रयोगशाळांतून काढून जोयडा तालुक्यातील बाजारकुणंगच्या वाटेवर आणू इच्छितो. हा सारा मुलूख सह्याद्रीच्या रानात, गोव्याच्या सीमेलगत वसलेला. पूर्वी या तालुक्यास सुपे म्हणत. काळी नदीवरील धरणाखाली जुने सुपे गेले आणि तालुक्याचे ठाणे जोयड्यास आले. उत्तर कन्नड जिल्हा १८६२ पासून मुंबई इलाख्यात होता. १९५६ मध्ये तो म्हैसूर राज्यात गेला. घरात कोंकणी, दारात मराठी आणि कचेरीत कानडी अशी येथील भाषेची स्थिती. अनमोड व तिनई या घाटांनी गोवा व पठार यांमध्ये माणसे, बैल, मीठ आणि देवही ये-जा करीत आले. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलात देवळे पडली तेव्हा मंगेशाचे लिंग १५६० मध्ये कुशस्थळीहून प्रियोळास नेण्यात आले. कुळेच्या कुळे घाट चढून वा समुद्रकिनाऱ्याने दक्षिणेकडे गेली. कुणबी, मराठे, गवळी धनगर, सारस्वत, ख्रिस्ती, सिद्दी हे सर्व या पट्ट्यात एकमेकांच्या शेजारी नांदतात. कागदावर यांचा इतिहास फार थोडा आहे. रानातील मनुष्याच्या दारी बखरकार जात नाही.

या मुलखाविषयी देहातील पोथीने काय सांगितले? उत्तर कन्नडातील हल्याळ, यल्लापूर, अंकोला इत्यादी तालुक्यांत राहणाऱ्या सिद्दींविषयी २०११ मध्ये हैदराबादच्या केंद्राने संशोधन प्रसिद्ध केले. सिद्दींचे पूर्वज आफ्रिकेतील बांटूभाषक जनांपैकी होते, त्यांत भारतीयांचे व काही अंशी कदाचित युरोपीयांचेही मिश्रण झाले, आणि हे मिश्रण मुख्यतः गेल्या आठ पिढ्यांतील, म्हणजे दोनशे वर्षांतील आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. पोर्तुगिजांच्या गुलामव्यापाराच्या ज्या नोंदी आहेत त्यांच्याशी हे जुळते. ज्यांची नावे जहाजाच्या यादीत केवळ माल म्हणून लिहिली गेली, त्यांच्या वंशजांनी आपला पुरावा आपल्याच रक्तात जपून ठेवला, असेच म्हणावे लागेल. दुसरे संशोधन २०२१ मधील. गोवा, कुमठा व मंगळूर येथील रोमन कॅथॉलिक समाजाचा अभ्यास करता त्यांच्या बऱ्याच वंशधारा गौड सारस्वतांशी निकट असल्याचे दिसले. या दोन्ही अभ्यासांत सगळी पोथी वाचलेली नव्हती. निवडक लक्षावधी जागा व मातृ-पितृधारा यांचीच तपासणी होती. पण आशय स्पष्ट आहे. देव घाटापलीकडे गेले, माणसे अलीकडे राहिली, धर्म निराळे झाले. चार शतके लोटली तरी अक्षरांनी नाते सोडले नाही.

आता ज्या मुद्द्यात आमच्या वाचकांचे प्रत्यक्ष हित गुंतले आहे त्याकडे वळतो. २०१३ मधील एका अभ्यासाप्रमाणे आजपासून सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात भारतात निरनिराळ्या जनांचे मिश्रण सर्वदूर चालू होते. त्यानंतर ते मंदावले आणि जातीअंतर्गत विवाह दृढ झाला. २०१७ मध्ये २६३ भारतीय व दक्षिण आशियाई गटांची तपासणी झाली. त्यांपैकी ८१ गटांत ‘मूळपुरुष-परिणाम’ फार तीव्र आढळला. म्हणजे आज लक्षावधी असलेला समाज कधीकाळी मोजक्याच कुटुंबांपासून वाढला आणि आपसांतच विवाह करीत राहिला. अशा समाजात एखाद्या पूर्वजाचा सदोष पाठभेद शेकडो घरांत पसरलेला असतो. एका बाजूने आला तर तो गुप्त राहतो. दोन्ही बाजूंनी आला की प्रकट होतो. आंध्रातील वैश्य समाजात शस्त्रक्रियेपूर्वी देण्याचे एक औषध काहींस सोसत नाही व श्वास दीर्घकाळ बंद पडतो, त्याचे कारण हेच आहे.

आपल्या पूर्वजांनी सगोत्र विवाह वर्ज्य केला तो सुज्ञपणाचाच भाग म्हणावा लागेल. परंतु गोत्र केवळ पित्याची धारा मोजते. दहा पिढ्या मागे गेल्यास प्रत्येकाचे १,०२४ पूर्वज निघतात. वंशावळीची वही त्यांतील एकाचेच नाव सांगते. उरलेल्या १,०२३ धारांतून एकच दोष वधूकडे व वराकडे आला असेल, तर गोत्रभेदाने तो टळत नाही. थॅलसेमियाचे वाहक भारतात शेकडा तीन-चार आहेत. दोन वाहकांचा विवाह झाला तर प्रत्येक गर्भास हा रोग होण्याचा संभव चारांत एक असतो. यासाठी संपूर्ण जीनोम वाचण्याचीही गरज नाही. साध्या रक्ततपासणीने वाहक ओळखता येतो. अमेरिकेतील ज्यू समाजाचे उदाहरण येथे मननीय आहे. त्यांच्यात टे-सॅक्स नावाचा बालघातक रोग अधिक होता. १९७१ मध्ये त्यांनी वाहकांची तपासणी सुरू केली, आणि ती प्रार्थनामंदिरांच्याच आश्रयाने. पुढील काही दशकांत त्या समाजातील रोगी बालकांचे प्रमाण शेकडा नव्वदांहून अधिक घटले. पत्रिका जुळविण्यास जेथे मंडळी जमतात तेथे रक्ततपासणीचा कागदही ठेवला जावा, आणि देवस्थानांनी जत्रेच्या वा वार्षिक सभेच्या निमित्ताने त्याची सोय करावी, असे आम्हांस वाटते. मात्र वाहक असणे हा कलंक नव्हे, हे त्याच सभेत सांगितले पाहिजे; नाही तर तपासणीचा कागद हाच नवा सोयरसुतकाचा कागद होऊन बसेल.

आता साक्षीदाराची उलटतपासणी करू. देहातील पोथी वंश सांगते. हक्क सांगत नाही. एखाद्या गटाची वंशधारा अमुक प्रदेशाशी जुळते एवढ्यावरून कोणी उच्च ठरत नाही, कोणी परका ठरत नाही, किंवा गाभाऱ्यात कोणी जावे हेही ठरत नाही. गोव्यातील गावडा, कुणबी व वेळीप यांस २००३ मध्ये अनुसूचित जमातींच्या यादीत स्थान मिळाले. त्याच सुमारास उत्तर कन्नडातील सिद्दींनाही मिळाले. सीमेच्या अलीकडे जोयड्यातील कुणब्यांनी अशीच मागणी कित्येक वर्षे चालविली आहे. उद्या कोणी म्हणेल की, दोन्हीकडच्यांचे रक्त ताडून पाहा आणि निकाल द्या. आम्ही म्हणतो, हे गैर होईल. १९६५ च्या लोकूर समितीने जमात ठरविण्यास ज्या कसोट्या सांगितल्या त्या आदिम लक्षणे, पृथक् संस्कृती, दुर्गम वस्ती, इतरांच्या संपर्काचा संकोच व मागासलेपण या होत. रक्ताची अक्षरे त्यांत नाहीत. कायदा ज्या अन्यायाचे परिमार्जन करू पाहतो तो समाजात घडलेला असतो, गुणसूत्रात नव्हे.

कुटुंबाच्या उंबरठ्यावरही हा प्रश्न येतो. विवाहसंबंध चालू असता जन्मलेले अपत्य औरसच मानावे, हे १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यातील ११२ वे कलम. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते ११६ वे झाले. २०१४ मध्ये महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डीएनए-तपासणीच्या निष्कर्षास या गृहीतकाहून अधिक वजन दिले. २०२३ मध्ये मात्र त्याच न्यायालयाने बजावले की, पतिपत्नींच्या भांडणात बालकाची अशी तपासणी सरसकट करू नये. आम्हांस या दोन निर्णयांत विरोध दिसत नाही. एकाने साक्षीदाराची योग्यता सांगितली. दुसऱ्याने त्यास केव्हा पाचारण करावे याची मर्यादा सांगितली.

आणखी एक गोष्ट. ही पोथी एकट्याची नसते. एका भावाचा जीनोम वाचला की दुसऱ्या भावाचा निम्मा भाग, त्याने संमती दिली असो वा नसो, बाहेर येतो. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. २०२३ मध्ये वैयक्तिक विदासंरक्षणाचा कायदा झाला. पण डीएनए-तंत्राच्या नियमनाचे २०१९ मधील विधेयक २०२३ मध्ये मागे घेण्यात आले. तेव्हा बाजारकुणंगसारख्या रानातील गावात कोणी नमुने घेण्यास आले तर ते रक्त कशासाठी, कोठे ठेवणार, किती वर्षे, आणि निष्कर्ष आम्हांस कोणत्या भाषेत कळविणार, हे विचारण्याचा अधिकार तेथील मनुष्यास आहे. ही संमती कानडी वा इंग्रजी छापील कागदावरच्या अंगठ्याची नसावी; त्याच्या घरच्या कोंकणीत समजावून घेतलेली असावी. सिद्दी व कुणबी यांच्या रक्ताने ज्ञान वाढले, तर त्या ज्ञानाचा पहिला लाभ त्यांच्या मुलांस मिळावा, हा साधा न्याय होय.

भारताच्या संपादकांनी बाराशे पोथ्या उघडल्या तेव्हा त्यांस निर्दोष अशी एकही आढळली नाही. प्रत्येकीत कोठे लेखकप्रमाद, कोठे प्रक्षेप, कोठे गळलेला श्लोक. तरी केवळ सदोष म्हणून त्यांनी त्या टाकून दिल्या नाहीत, कारण दुसरीत हरवलेले अक्षर पुष्कळदा हिच्यात सापडे. मनुष्याच्या पोथीचेही तसेच आहे. प्रत्येक बालक मातापित्यांत नसलेले साठ-सत्तर नवे पाठभेद घेऊन जन्मास येते. नकलेचे काम आजही चालूच आहे. आपल्या कुळाची पोथी शुद्ध आणि शेजाऱ्याची भ्रष्ट, असे म्हणण्यास या शास्त्राने कोणास आधार ठेवलेला नाही. पाठभेद समजून घ्यावे, ज्यांपासून बालकांस अपाय होतो ते वेळीच ओळखावे, आणि बाकीचे तळटीपेत सुखाने राहू द्यावे, एवढाच बोध आम्ही यातून घेतो.